पाना आणि पुस्तक : मोटार दुरुस्तीत वाचनाचे महत्त्व

(संस्थेच्या वार्षिक मेळाव्यात पालक व विद्यार्थ्यांसमोर केलेले भाषण)



आजच्या भाषणाचा विषय ऐकून आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. शिक्षण संस्थेच्या व्यासपीठावरून सर सय्यद अहमद खान यांच्या कार्याविषयी बोलावे, तालीमचे महत्त्व सांगावे, परीक्षेच्या निकालाविषयी बोलावे, हे रीतीला धरून आहे. ब्रेक, जॅक आणि बॅटरी यांचे येथे काय काम? त्यातून मी बी. ए., बी. एड. झालेला भाषेचा शिक्षक. मी इंजिनियर नाही आणि मिस्त्रीही नाही. तरीसुद्धा हा विषय मी अध्यक्षसाहेबांकडून मागून घेतला. तो का, हे आधी सांगतो.

माझ्या वर्गात एक मुलगा होता. त्याचे नाव सांगत नाही, कारण तो याच परिसरात राहतो. अभ्यासात बेताचा, पण हाताचा मोठा हुशार. शाळेची घंटा असो की पाण्याची मोटार, बिघडलेली वस्तू त्याच्या हाती दिली की तो काहीतरी खटपट करून ती चालू करी. घरची परिस्थिती ओढगस्तीची. नववीनंतर वडिलांनी त्याला हायवेवरच्या एका गॅरेजात कामाला लावले. वर्षा-दोन वर्षांत तो चांगला तयार झाला. एके दिवशी प्रवासी वाहतुकीची एक गाडी तेथे आली. ब्रेक ऑईलची पातळी खाली गेली होती. उस्ताद जेवायला घरी गेले होते आणि चालकाला घाई होती. मुलाने टोपण उघडले आणि जवळ असलेल्या डब्यातले इंजिन ऑईल त्यात ओतले. गाडी निघून गेली. पहिले तीन-चार दिवस काहीच झाले नाही. नंतर ब्रेक धरून राहू लागले, चाके तापू लागली, आणि शेवटी तुळजापूरच्या घाटात उतारावर पेडल थेट तळाला गेले. चालक अनुभवी होता. त्याने गाडी दरीकडे जाऊ न देता डोंगराच्या अंगाला घातली. एका प्रवाशाचा पाय मोडला. बाकीचे अल्लाच्या कृपेने वाचले.

मी त्या मुलाला भेटलो तेव्हा तो रडत होता. म्हणाला, "सर, मला वाटलं ऑईल ते ऑईलच ना!"

मित्रहो, ज्या टोपणाला हात लावून त्याने ते उघडले, त्या टोपणावरच इंग्रजीत लिहिलेले होते की, यात फक्त अमुक प्रकारचाच द्रव घाला. जेमतेम आठ-दहा शब्दांची ती सूचना होती. आणि त्या मुलाला सलग दोन वर्षे इंग्रजी शिकवणारा शिक्षक मी होतो. मी त्याला निबंध पाठ करून घेतला होता, क्रियापदांची रूपे घोकून घेतली होती. पण समोरच्या वस्तूवर काय लिहिले आहे ते थांबून वाचावे, ही सवय मी त्याला लावली नव्हती. त्या दिवसापासून हा विषय माझ्या मनातून गेलेला नाही. आज आपल्यापुढे उभा आहे तो एवढ्यासाठी.

आता त्या प्रकरणात नेमके काय घडले ते समजून घेऊ. ज्याला आपण 'ब्रेक ऑईल' म्हणतो ते मुळात खनिज तेल नव्हेच. तो एक वेगळा रासायनिक द्रव असतो. ब्रेकच्या सिलिंडरमध्ये जी रबरी वायसरे असतात, ती याच द्रवाला जुळतील अशा रबराची बनवतात. त्यांना इंजिन ऑईल लागले की ती फुगतात आणि मऊ पडतात. रबर फुगले की द्रवाची परतीची वाट बुजते, ब्रेक सुटत नाहीत, घर्षणाने चाक तापते, द्रव उकळतो. त्याची वाफ झाली की पेडल नुसतेच खाली जाते, कारण वाफ दाबली जाते, द्रव दाबला जात नाही. हा द्रव हवेतील ओलावाही शोषून घेतो. 'डॉट ४' जातीचा कोरा द्रव कमीत कमी २३० अंश सेल्सियसपर्यंत उकळता कामा नये, असे प्रमाण आहे. ठरावीक ओलावा शोषल्यावर तीच मर्यादा १५५ अंशांवर येते. म्हणूनच पुस्तिकेत लिहिलेले असते की, बंद डब्यातलाच द्रव वापरा आणि ठरावीक मुदतीनंतर तो बदला. वरवर निरर्थक वाटणाऱ्या सूचनेमागे असे कारण असते. तेव्हा गाडीबरोबर येणारी पुस्तिका ही कंपनीने शोभेसाठी दिलेली वस्तू आहे असे समजू नये. कुठेतरी, कुणाच्या तरी हातून चूक झालेली असते, कुणीतरी तिची किंमत मोजलेली असते, आणि पुढच्या माणसाला ती मोजावी लागू नये म्हणून ती सूचना छापलेली असते.

आपल्या जिल्ह्यातून दोन मोठे रस्ते जातात. एक सोलापूर-हैदराबाद रस्ता, नळदुर्ग आणि उमरग्यावरून जाणारा. दुसरा सोलापूर-धुळे रस्ता, तुळजापूर, धाराशिव, येडशी, येरमाळा असा जाणारा. या रस्त्यांच्या कडेने गॅरेज, टायरची दुकाने, वेल्डिंगची दुकाने आहेत. त्यांत आपल्या समाजाची कितीतरी मुले काम करतात. हा हुनर आपल्याकडे बापाकडून मुलाकडे, उस्तादाकडून शागीर्दाकडे आलेला आहे. त्याची मला लाज नाही, अभिमान आहे. इंजिनाच्या आवाजावरून कुठला वाल्व सैल आहे ते सांगणारे उस्ताद मी पाहिले आहेत. अशाच एका बुजुर्ग उस्तादांना मी विचारले, "चाचा, तुम्ही गाडीची पुस्तिका कधी पाहता का?" ते हसून म्हणाले, "सर, गाडी कानाने ऐकायची असते, डोळ्यांनी वाचायची नसते."

त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. पण ते अर्धेच तथ्य आहे. ज्या काळात एकाच जातीची गाडी वीस-वीस वर्षे रस्त्यावर येत होती, त्या काळात कान पुरत होते. कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट निघायची. नाव बदलून तीच पुढे प्रीमियर पद्मिनी झाली. एकदा तिचे इंजिन हाताखालून गेले की आयुष्यभराची विद्या मिळे. आज तसे राहिलेले नाही. दर दोन वर्षांनी नवी गाडी, नवे इंजिन, नवे वायरिंग. जे कानाला ऐकू येत नाही, असे बरेच काही आजच्या गाडीत आहे.

याची दुसरी बाजूही प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. पुस्तक वाचता येते म्हणून आपण शहाणे, असा गर्व शिकलेल्या माणसाने करू नये. मी एक जुनी गाडी घेतली होती. सायलेन्सरमधून आवाज येऊ लागला. मी पुस्तिका काढली, अनुक्रमणिकेत सायलेन्सर शोधला आणि थेट ते पान उघडून कामाला लागलो. गाडीबरोबर आलेल्या जॅकने गाडी उचलली, आधाराला चार विटा रचल्या आणि खाली शिरलो. शेजारच्या गॅरेजातले उस्ताद धावत आले आणि ओरडले, "अहो सर, आधी बाहेर या!" मी बाहेर आल्यावर त्यांनी हातोडीचा एकच ठोका विटेला दिला. तिचे दोन तुकडे झाले. नंतर पुस्तिकेत पाहिले तर सायलेन्सरच्या पानाआधीच, प्रकरणाच्या सुरुवातीला, चौकटीत छापलेले होते की केवळ जॅकवर किंवा विटांवर तोललेल्या गाडीखाली कदापि जाऊ नये. माझ्यासारख्या पदवीधराने ती चौकट ओलांडून पुढचे पान काढले होते. माझ्या विद्यार्थ्याने टोपण वाचले नाही आणि मी चौकट वाचली नाही. दोघांच्या चुकीत मला तरी फारसा फरक दिसत नाही. तेव्हा पुस्तकावाचून हात आणि हातावाचून पुस्तक, दोन्ही धोक्याचे आहेत.

हा प्रश्न आजचा नाही. कारागिराची विद्या लिहून ठेवावी, म्हणजे ती एका माणसाबरोबर संपत नाही, हा विचार आपल्या इतिहासात फार जुना आहे. नवव्या शतकात बगदादमध्ये बनू मूसा या नावाने ओळखल्या जाणाऱ्या तीन भावांनी यंत्रांवर ग्रंथ लिहिला. पुढे दियारबकर येथील दरबारात अल-जझरी नावाचा कारागीर-इंजिनियर होऊन गेला. त्याने १२०६ साली आपला ग्रंथ पूर्ण केला. त्यात पाणी उपसण्याची साधने, घड्याळे, कारंजी अशा पन्नास यंत्रांची माहिती आकृत्यांसह दिलेली आहे. कुठला भाग केवढा करावा, कुठल्या क्रमाने जोडावा, हे त्याने असे लिहिले की दुसऱ्या कारागिराला ते यंत्र बनवता यावे. करून न पाहिलेल्या विद्येवर त्याचा भरवसा नव्हता. म्हणजे त्याच्या एका हातात हत्यार होते आणि दुसऱ्या हातात लेखणी. ज्या धर्माच्या पहिल्या वचनाचा आरंभच 'वाच' या आज्ञेने झाला, त्या धर्माच्या कारागिराला हेच शोभते.

आपल्या स्वतःच्या भागाकडे पाहू. आपला जिल्हा पूर्वी निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. त्या संस्थानात १९३२ साली सरकारी मोटार वाहतूक सुरू झाली. आरंभी २७ बसगाड्या आणि १६६ कर्मचारी होते. त्याच संस्थानात त्याआधी, १९१७ साली, भाषांतरासाठी एक स्वतंत्र खाते, दारुत्तर्जुमा, स्थापन झाले होते आणि १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ निघाले. इंग्रजीतील शास्त्रांचे ग्रंथ उर्दूत आणून उच्च शिक्षण द्यायचे, हा तो प्रयोग होता. त्या राजवटीविषयी कुणाचे मत काहीही असो. पण 'पुस्तक परक्या भाषेत आहे' या अडचणीवर 'तर मग ते आपल्या भाषेत आणू' हे उत्तर आपल्या प्रदेशाने शंभर वर्षांपूर्वी दिले होते, ही गोष्ट विसरण्यासारखी नाही.

जीपगाडीचेही उदाहरण घ्या. ही गाडी आपल्या खेड्यापाड्यांत पोलीस, तहसील, साखर कारखाना आणि काळी-पिवळी या रूपांनी सर्वांना परिचित आहे. ती मूळची दुसऱ्या महायुद्धातली अमेरिकन लष्करी गाडी. भारतात तिची जुळणी १९४७ पासून महिंद्रांनी सुरू केली. १९४५ साली निघालेल्या त्या कंपनीचे आरंभीचे नाव 'महिंद्र अँड मोहम्मद' असे होते. भागीदार मलिक गुलाम मोहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानात गेले आणि तेथे पुढे गव्हर्नर जनरल झाले. १९४८ साली कंपनीचे नाव बदलून 'महिंद्र अँड महिंद्र' झाले.

पण मला सांगायचे आहे ते या गाडीच्या पुस्तिकेविषयी. अमेरिकन लष्कराने १९४४ साली जीपची पुस्तिका छापली. ती गाडी चालवणारे लाखो सैनिक काही मिस्त्री नव्हते. कुणी शेतकरी, कुणी कारकून. म्हणून त्या पुस्तिकेत कामाची वाटणी केलेली होती. चालकाने काय तपासावे, काय करावे. त्याच्या तुकडीतील मेकॅनिकने काय करावे. आणि त्याहून मोठे काम निघाले तर ते वरच्या कार्यशाळेकडे पाठवावे. इंजिन, क्लच, गिअर यांच्या मोठ्या दुरुस्तीची माहिती वेगळ्या पुस्तिकांत ठेवलेली होती. चांगली पुस्तिका 'हे करा' एवढेच सांगत नाही. 'येथे थांबा, याच्या पुढचे काम तुमचे नव्हे' हेही ती सांगते. मला तर हा तिचा सर्वांत मोठा उपकार वाटतो.

आता विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यासाठी थोडे व्यवहाराचे बोलतो. पुस्तिका हाती आली तर ती कशी वाचावी?

पहिली गोष्ट, पुस्तिका त्याच गाडीची आहे की नाही ते पाहा. एकाच नावाच्या गाडीत पेट्रोलचे इंजिन वेगळे, डिझेलचे वेगळे, आणि पाच वर्षांपूर्वीचे आणखी वेगळे असते. चासी नंबर आणि इंजिन नंबर पाहून खात्री करा. मालकासाठी असलेली पुस्तिका आणि कार्यशाळेची पुस्तिका या दोन वेगळ्या वस्तू आहेत, हेही लक्षात ठेवा. झेरॉक्स प्रत असेल तर मधली पाने गळालेली नाहीत ना, हे पान क्रमांक मोजून पाहा. मोबाईलवर कुणी दुरुस्ती करून दाखवत असेल तर तीही गाडी हीच आहे का, हा प्रश्न आधी विचारा.

दुसरी गोष्ट, एकही नट सैल करण्यापूर्वी ते काम पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून काढा. लागणारे हत्यार आणि नवे सामान आपल्याजवळ आहे का ते पाहा. गास्केट, स्प्लिट पिन आणि काही बोल्ट एकदाच वापरायचे असतात. पुस्तिका 'नवा घाला' म्हणते तेव्हा जुना ठोकून सरळ करून घालू नका.

तिसरी गोष्ट, धोक्याचे शब्द ओळखा. 'डेंजर' म्हणजे चूक झाली तर प्राण जाईल किंवा गंभीर इजा होईल. 'वॉर्निंग' म्हणजे तसे होण्याचा संभव आहे. 'कॉशन' म्हणजे थोडी इजा होईल किंवा गाडीचे नुकसान होईल. 'नोट' म्हणजे काम सोपे करणारी सूचना. बहुतेक पुस्तिकांत आरंभीच्या पानावर या शब्दांचा अर्थ दिलेला असतो. ज्याला हे चार शब्द नीट वाचता आले, त्याचे अर्धे रक्षण तेथेच झाले.

चौथी गोष्ट, आकडा आणि त्यापुढचे एकक दोन्ही वाचा. गणिताच्या पेपरात एकक लिहिले नाही तर अर्धा गुण जातो. येथे चाक जाते. लहान मोटारीच्या चाकाचे नट साधारण ८० ते ११० न्यूटन-मीटर जोराने आवळायचे असतात. नेमका आकडा त्या त्या पुस्तिकेत पाहावा. याचा अर्थ काय? तीस सेंटीमीटर लांबीच्या पान्याच्या टोकाला सुमारे २८ किलोचे वजन टांगले तर जेवढा पीळ पडेल तेवढा, म्हणजे ८२ न्यूटन-मीटर. आता जुन्या अमेरिकन पुस्तिकांत हाच पीळ फूट-पौंडात असतो, आणि एक फूट-पौंड म्हणजे १.३६ न्यूटन-मीटर. एककाची गल्लत झाली तर नट एक तृतीयांशाहून अधिक जास्त आवळला जाईल आणि बोल्ट ताणला जाईल, किंवा उलट चूक झाली तर तो सैल राहील. पान्याला पाइप लावून उभे राहणे ही ताकद झाली, माप नव्हे. मापासाठी टॉर्कचा पाना मिळतो. तो गॅरेजात एक तरी असावा.

आता काही नियम, जे प्रत्येक पुस्तिकेत असतात आणि प्रत्येक गॅरेजात मोडले जातात. जॅक हा गाडी उचलण्यासाठी असतो, धरून ठेवण्यासाठी नव्हे. सपाट, टणक जमिनीवर, हॅन्डब्रेक लावून, जमिनीवर राहणाऱ्या चाकांना दोन्ही बाजूंनी अडण लावून, पुस्तिकेत दाखवलेल्या जागीच जॅक लावावा आणि खाली शिरण्यापूर्वी लोखंडी घोडी ठेवावी. उंट आधी बांधावा आणि मग अल्लावर भरवसा ठेवावा, ही शिकवण आपण लहानपणापासून ऐकतो. मोटारीच्या बाबतीत उंट बांधणे म्हणजे चाकाला अडण आणि सांगाड्याखाली घोडी.

बॅटरी काढताना आधी ऋण म्हणजे 'मायनस' टोक काढावे आणि लावताना ते शेवटी लावावे. आजच्या गाड्यांत ते टोक सांगाड्याला जोडलेले असते. 'प्लस' आधी काढायला गेलात आणि पाना चुकून पत्र्याला टेकला तर मोठी ठिणगी पडते. बॅटरीतून निघणारा हायड्रोजन त्या ठिणगीने पेट घेतो. म्हणून तिच्याजवळ विडी-काडी नको. गरम रेडिएटरचे झाकण उघडू नये. आत दाब असल्याने शंभर अंशांवरही न उकळलेले पाणी झाकण सुटताच एकदम उकळून तोंडावर येते. फ्यूज उडाला तर तेवढ्याच अँपिअरचा घालावा. त्या जागी तांब्याची तार घातली की फ्यूज वाचतो आणि गाडी जळते. बंद शेडमध्ये इंजिन चालू ठेवू नये. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो. माणूस झोपेत गेल्यासारखा जातो. जुन्या ब्रेक लायनिंगमध्ये अॅसबेस्टॉस असते. त्याची धूळ हवेच्या नळीने उडवू नये. ती फुप्फुसात बसली की वीस-तीस वर्षांनी आपला हिशेब मागते. ट्रकच्या कडीवाल्या रिमवरचा टायर काढण्यापूर्वी त्यातली हवा पूर्ण सोडावी आणि भरताना तो लोखंडी पिंजऱ्यात ठेवावा. कडी सुटली तर ती बंदुकीच्या गोळीसारखी उडते.

आणि दोन नव्या गोष्टी, ज्या जुन्या उस्तादांनी त्यांच्या काळात पाहिल्या नव्हत्या. १ जुलै २०१९ पासून आपल्या देशात नव्या मोटारींना चालकाची एअरबॅग सक्तीची झाली. ही पिशवी डोळ्याचे पाते लवण्याआधी फुगते, कारण तिच्यात स्फोटक द्रव्य असते. स्टिअरिंग किंवा डॅशबोर्ड खोलायचा तर बॅटरी सोडून पुस्तिकेत सांगितलेला वेळ थांबावे लागते. तिच्या पिवळ्या वायरींना टेस्टरचा दिवा लावून पाहू नये. दुसरे म्हणजे विजेवर चालणाऱ्या मोटारी. त्यांतील नारिंगी रंगाच्या केबलमध्ये शेकडो व्होल्टचा दाब असतो. तेथे कान, नाक, हात यांपैकी कशालाही आधी कळत नाही. ते काम त्याचे खास शिक्षण घेतलेल्यानेच करावे.

घरच्या घरी काय करावे, असे पालक विचारतील. ऑईलची पातळी पाहणे, गार इंजिनात पाणी किंवा कूलंट पाहणे, टायरमधील हवा, स्टेपनी बदलणे, हवेची जाळी साफ करणे, बल्ब आणि फ्यूज बदलणे, एवढे प्रत्येकाने पुस्तिका वाचून जरूर करावे. ब्रेक, स्टिअरिंग, पेट्रोलच्या नळ्या, दाबलेल्या स्प्रिंगा, एअरबॅग यांना हात लावू नये. आपली चूक आपल्यालाच भोवेल असे नाही. घाटात समोरून येणाऱ्यालाही ती भोवते.

आता शेवटचे मागणे. ते तिघांकडे आहे.

पालकांकडे मागणे असे की, मुलाला गॅरेजात घालायचे तर खुशाल घाला, पण दहावी झाल्यावर घाला. आयटीआयमध्ये मोटर मेकॅनिकचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा आणि डिझेल मेकॅनिकचा एक वर्षाचा आहे. दोन्हींना दहावी उत्तीर्ण असावे लागते. नववीतून काढलेल्या मुलाला तो दरवाजा बंद होतो. एका वर्षाच्या मजुरीसाठी आपण त्याची पुढची तीस वर्षे गहाण टाकतो.

उस्ताद मंडळींकडे मागणे असे की, आपल्या गॅरेजात हत्यारांच्या फळीशेजारी एक फळी पुस्तिकांची ठेवा. ज्या शागीर्दाला वाचता येते त्याला मोठ्याने वाचायला सांगा आणि तुम्ही ऐका. वाचलेले बरोबर की चूक ते तुमचा हात सांगेल. यात तुमचा मान कमी होत नाही. मी त्या चाचांना असे करून पाहायला सांगितले. ते आधी हसले. नंतर एकदा म्हणाले, "सर, पुस्तकवाला पण कुणाचा तरी शागीर्द असणार. त्याला मार बसलाय म्हणून लिहितोय." मी त्याहून चांगले सांगू शकलो नसतो.

आणि तिसरे मागणे आम्हा शिक्षकांकडे, म्हणजे स्वतःकडेच आहे. आमच्या वर्गात आम्ही एक वही सुरू केली आहे. मुले घरून, गॅरेजातून, शेतावरून शब्द आणतात. औषधाच्या बाटलीवरचे, फवारणीच्या डब्यावरचे, ब्रेकच्या टोपणावरचे. इंग्रजी शब्द, त्याचा मराठी अर्थ, उर्दू अर्थ, आणि गॅरेजात त्याला काय म्हणतात तो शब्द, असे चार रकाने आहेत. 'ओन्ली' म्हणजे फक्त. 'नेव्हर' म्हणजे कधीही नाही. 'बिफोर' म्हणजे आधी. परीक्षेत या शब्दांना किती गुण आहेत मला ठाऊक नाही. पण ते न कळल्याची किंमत मी पाहिली आहे. दारुत्तर्जुमाचे काम मोठ्या पंडितांनी केले. आमची वही त्या मानाने फार लहान आहे. पण संस्थेने मनावर घेतले तर तिची छापील पुस्तिका होऊ शकेल आणि हायवेवरच्या प्रत्येक गॅरेजात ती भिंतीला लटकू शकेल. अध्यक्षसाहेबांनी त्याचा विचार करावा, अशी माझी नम्र विनंती आहे.

ज्या मुलाची हकीकत मी आरंभी सांगितली, तो आज रात्रीच्या वर्गाला येतो. दहावीला बाहेरून बसण्याची त्याची तयारी चालू आहे. वहीतला पहिला शब्द त्याने लिहिला आहे, 'ओन्ली'. त्याच्यासाठी आपण सर्वांनी दुआ करावी, एवढेच सांगून मी माझे भाषण संपवतो.

खुदा हाफिज. जय हिंद, जय महाराष्ट्र.